वाळवंटात कोंबड्या आणि भाजीचे वाफे : फिनिक्सचा उन्हाळा धरून आखणी कशी करावी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या आसपास, ज्यांना परसात चार कोंबड्या आणि दोन-तीन वाफे भाजी ठेवायची आहे, त्यांनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की इथले वर्ष जूनमध्ये नव्हे, सप्टेंबरअखेर सुरू होते. मृग लागला की पेरणी, हा आपल्या अंगवळणी पडलेला हिशेब इथे पुरता उलटा होतो. वर्षाकाठी पाऊस जेमतेम १८० मिलिमीटरच्या आसपास पडतो. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले आणि त्या काळातील कित्येक रात्री पारा ३२ अंशांच्याही खाली उतरला नाही. कोंबडीच्या दृष्टीने दुपारपेक्षा ही रात्र अधिक घातक असते, कारण दिवसभर अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकायला तिला रात्रीचाच काय तो आधार असतो. म्हणून खुराड्यापासून बियाण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय आधी जुलै महिना डोळ्यांसमोर आणून घ्यावा.

पहिली पायरी : सावली आणि जागा

कोंबड्या आणण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दुपारी चारला परसात जाऊन सावली कुठे पडते ते पाहावे आणि रात्री नऊला कुंपणाच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. इथल्या परसांना बहुधा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात आणि पश्चिमेच्या उन्हाने तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत चुलीसारखी धगधगत राहते. अशा भिंतीला टेकून खुराडे कधीही बांधू नये. घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत उत्तम, कारण दुपारनंतर घराचीच सावली त्यावर पडते. तशी जागा नसेल तर मेस्किटच्या झाडाखाली खुराडे ठेवावे. हे इथले मूळचे झाड असून त्याची विरळ सावली वारा अडवत नाही.

राज्याच्या २०२४ च्या कायद्यानुसार स्वतंत्र घराच्या परसात सहापर्यंत कोंबड्या पाळण्यास शहरे मनाई करू शकत नाहीत; मात्र कोंबडा ठेवण्यास ती बंदी घालू शकतात आणि खुराडे शेजारच्या हद्दीपासून किती दूर असावे याचेही नियम असतात. गृहसंकुलाचे नियम आणखी वेगळे असू शकतात. दोन्ही वाचूनच लाकूड विकत आणावे.

थंड प्रदेशातील चित्रे पाहून लाकडी पेटीसारखे बंद खुराडे बांधणे ही इथे सर्रास होणारी चूक आहे. इथे किमान तीन बाजू जाळीच्या असाव्यात आणि छत पांढरे, आतून उष्णतारोधक थर दिलेले असावे. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकटीची, मजबूत तारेची घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी, कारण कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, उकरून आत शिरतात. ससाणे आणि रानमांजरे यांच्यासाठी फिरण्याची जागाही वरून झाकावी लागते. प्रत्येक कोंबडीमागे आत चार आणि बाहेर किमान दहा चौरस फूट जागा धरावी.

दुसरी पायरी : जात निवडणे

हलक्या अंगाच्या आणि मोठ्या तुऱ्याच्या जाती निवडाव्यात. लेगहॉर्न, मिनोर्का, इजिप्तची फयुमी आणि उघड्या मानेची जात या उष्णतेत तग धरतात, कारण तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या यांतून रक्तातील उष्णता बाहेर पडते. ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन या दिसायला देखण्या असल्या तरी त्यांचा दाट पिसारा म्हणजे जुलैत अंगावर घातलेली दुलईच. तलंगा, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या, ऑक्टोबरात आणल्या तर उन्हाळा येईपर्यंत त्यांना परसाची आणि वाढत्या उन्हाची सवय होते.

तिसरी पायरी : उन्हाळ्यातील निगा

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि बाहेरची हवा त्याच्या जवळ आली की धापा टाकणे एवढाच उपाय तिच्याकडे उरतो. पंख अंगापासून दूर धरलेले, चोच उघडी, गळा भराभर हलतो आहे, अशी कोंबडी दिसली तर ती अजून स्वतःला सांभाळते आहे असे समजावे. मात्र डोळे मिटून ती एका जागी बसली, तुरा फिकट पडला किंवा मान खाली गेली, तर थांबायला वेळ नाही. तिला गार पाण्याच्या बादलीत छातीपर्यंत बुडवून काही मिनिटे धरावे. बर्फाचे पाणी वापरू नये. माझी पहिल्या उन्हाळ्यातली एक कोंबडी मी सावलीत नुसती उचलून ठेवली आणि ती गेली. त्या दिवशी बादली जवळ असूनही मला सुचले नाही, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितो आहे.

सततच्या धापांमुळे रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि कवच घडवायला लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो. म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा, पण मुख्य उपाय गारवाच आहे. खाद्य पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे, कारण पचन होताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि ती भर दुपारी नको असते.

एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पाणी पिते. मात्र तापलेल्या पाण्याला ती तोंड लावत नाही. उन्हात पडलेल्या रबरी नळीतून सुरुवातीला येणारे पाणी हात भाजण्याइतके कढत असते; ते आधी झाडाच्या बुंध्यापासून दूर सोडून द्यावे आणि हाताला गार लागल्यावरच भांडी भरावीत. भांडी निदान दोन ठिकाणी, दोन्ही सावलीत असावीत, म्हणजे इतर कोंबड्यांना दबून राहणाऱ्या कोंबडीलाही पाणी मिळते. दुपारी त्यात गोठवलेली बाटली सोडावी. शिवाय झाडाखालची चारेक फूट जागा रोज ओली करावी. कोंबड्या तिथे माती उकरून खालच्या गार थरावर पोट टेकून बसतात, आणि माझ्या अनुभवात पंख्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा मे-जूनच्या कोरड्या हवेत उत्तम चालते. जुलैत इथला मॉन्सून आला आणि हवेत दमटपणा वाढला की तिचा परिणाम घटतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात थंडगार आणि पावसाळ्यात निरुपयोगी कसा होतो, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या आठवड्यांत तुषार बंद करून वारा आणि गार पाणी यांवरच भर द्यावा. खुडूक बसलेल्या कोंबडीला दिवसातून तीनदा हाताने उचलून पाण्यापाशी न्यावे. ती स्वतःहून उठत नाही आणि घरट्यातच दगावते.

इथल्या कित्येक कुंपणांलगत कण्हेर लावलेली असते. तिची पाने आणि फुले विषारी असतात. छाटणीचा कचरा कोंबड्यांच्या जागेत किंवा खताच्या ढिगात पडणार नाही, याची काळजी शेजाऱ्यांशी बोलूनच घ्यावी लागते.

चौथी पायरी : माती आणि खत

इथली माती अल्कधर्मी, सेंद्रिय द्रव्य नसलेली असते आणि खाली अनेकदा चुनखडीचा दगडासारखा थर लागतो. खड्डा खणून त्यात पाणी भरावे. एका दिवसात ते मुरले नाही तर ती जागा सोडून द्यावी. थंड, ओलसर प्रदेशांत वाफे उंच करतात. इथे ते जमिनीपेक्षा चार-सहा इंच खोल ठेवावेत, म्हणजे ओल टिकते. वर तीन-चार इंच लाकडाच्या ढलप्यांचे किंवा गवताचे आच्छादन घालावे.

कोंबडीच्या विष्ठेत नत्र फार असते. ती ताजी घातली तर रोपे करपतात, म्हणून एक भाग विष्ठेला वाळलेली पाने आणि भुसा मिळून दोन-तीन भाग या अंदाजाने ढीग रचावा, तो ओला ठेवावा आणि अधूनमधून उलटावा. वाळवंटात ढीग कुजण्याऐवजी वाळून जातो, त्यामुळे तोही सावलीत हवा. तयार खतही सढळ हाताने घालू नये, कारण त्यात क्षार असतात आणि फिनिक्सला ज्या नद्यांचे पाणी मिळते त्यांतली एक सॉल्ट नदी, म्हणजे जिच्या नावातच मीठ आहे. रोज थोडे शिंपडले तर हे क्षार वरच्या थरातच साठतात. ठिबकने किंवा पुरलेल्या न रंगवलेल्या मडक्याने निदान फूटभर खोल ओल जाईल असे, पण अंतराने पाणी द्यावे. मटका सिंचन आपल्याकडे माहितीचे आहे. इथेही मातीची मडकी पुरून भाजी पिकवणारे लोक आहेत.

पाचवी पायरी : काय, केव्हा लावावे

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा खरा हंगाम असतो. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, गाजर, मुळा, कोबी सगळे तेव्हा येते आणि मार्चपर्यंत घरची भाजी पुरते. टोमॅटोची रोपे फेब्रुवारीअखेर लावावीत, कारण दिवसा पस्तिशी ओलांडली आणि रात्री गारवा राहिला नाही की फुले फळ न धरता गळतात. मेपासून त्यांवर पन्नास टक्क्यांची शेडनेट हवी. एप्रिलपासून भेंडी, चवळी, गवार, रताळे आणि माठ लावावा. गवार आणि चवळी ही या उन्हात हमखास तरणारी पिके आहेत. इथल्या मूळच्या तोहोनो ओओदाम लोकांनी याच वाळवंटात टेपरी नावाचे कडधान्य पिढ्यान्‌पिढ्या पिकवले. आपल्या मटकीसारखेच ते थोड्या पाण्यावर येते. पश्चिमेला शेवगा लावावा. तो दोन वर्षांत खुराड्यावर सावली धरतो आणि त्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात.

कोंबड्यांना उभ्या वाफ्यात मोकळे सोडू नये. आठ मिनिटांत मेथीचा वाफा कसा उकरला जातो, हे मी पाहिले आहे. त्यांना जूनच्या मध्यास, टोमॅटो उपटून वाफा रिकामा झाल्यावर, पहाटेच्या दोन तासांपुरते आत घ्यावे. किडे, अळ्या, तणांचे बी सारे त्या निवडून खातात. ताजी विष्ठा पडल्यानंतर जमिनीला टेकणारी भाजी काढण्यापूर्वी १२० दिवस जाऊ द्यावेत, असा सेंद्रिय शेतीचा नियम आहे. ३० जूनला वाफ्याचे दार बंद केले तर ही मुदत २८ ऑक्टोबरला पुरी होते. तेव्हा मेथी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरावी आणि पहिली जुडी नोव्हेंबरात खुडावी.