भाड्याच्या घराचे फोटो: किल्ली देण्याआधीची तयारी

भाड्याने द्यायच्या घराचे फोटो दोन कारणांसाठी काढायचे असतात: लोकांना घर दाखवायला आणि ते कुठल्या अवस्थेत ताब्यात दिलं याची नोंद ठेवायला. ही दोन्ही कामं एकाच फेरीत उरकू नका. पहिल्या कामात पसारा हटवायचा असतो, दुसऱ्यात भिंतीवरचा डागसुद्धा टिपायचा असतो.

दाखवायच्या फोटोंसाठी आदल्या दिवशी घर झाडून-पुसून घ्या आणि गेलेले बल्ब बदला. फोन चार्ज करा, त्यात जागा रिकामी करा, कॅमेऱ्यातल्या ग्रिड लाइन (फोटो सरळ येण्यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा) सुरू ठेवा. लेन्स मऊ कापडाने पुसा, कारण बोटांचे ठसे राहिले की खिडकीचा उजेड धुक्यासारखा पसरतो. फ्लॅश बंद, पडदे उघडे. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, म्हणून दोन्ही मिसळले की एकच भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळी दिसते. खोलीत पुरेसा उजेड येत असेल तर दिवे बंदच ठेवा. फोन आडवा धरून साधारण छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.२ ते १.४ मीटरवर, अगदी सरळ ठेवा. तो वर-खाली झुकला की भिंतींच्या कडा तिरक्या होतात. ट्रायपॉड असेल तर जरूर न्या.

सगळ्यात रुंद लेन्सचा मोह मात्र टाळा. फोनच्या ०.५ एक्स लेन्सने लहान खोली दिवाणखान्याएवढी वाटते आणि कडेचं कपाट ताणलं जातं. घर बघायला आलेला माणूस दारातच थबकतो, आणि त्यानंतर तुम्ही सांगाल त्यावर त्याचा विश्वास बसणं अवघड. घरात अजून कुणी राहत असेल तर आधी विचारून वेळ ठरवा. त्यांचे कौटुंबिक फोटो, औषधं, कागदपत्रं चौकटीत येऊ देऊ नका. फोटो टाकण्यापूर्वी त्यातली लोकेशनची माहिती काढा.

नोंदीचे फोटो घर रिकामं झाल्यावर, नव्या भाडेकरूचं सामान येण्याआधी आणि शक्यतो त्याच्यासमोर काढा. दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने फिरा, म्हणजे कोपरा सुटत नाही. प्रत्येक खोलीचे आधी चारही कोपऱ्यांतून फोटो, मग जवळून: सिंकखालचा पाइप, खिडकीची चौकट, छतावरची ओल, फ्रिज आणि ओव्हन आतून, बाथरूममधल्या फरशांचे सांधे. ओरखडा किंवा तडा असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि तो भिंतीवर नेमका कुठे आहे हे कळेल असा एक फोटो लांबूनही घ्या. मीटरचे आकडे, उपकरणांचे सिरियल नंबर आणि दिलेल्या किल्ल्या विसरू नका. अनामत रकमेवरून वाद निघतो तो बहुतेकदा अशाच बारीक गोष्टींवरून. नळ, फ्लश आणि पंखे चालू करून छोटा व्हिडिओ घ्या, कारण गळती आणि खडखड फोटोत दिसत नाही.

मूळ फाइल जपा. मेसेजमधून साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि तिच्यात तारीख-वेळेची मूळ माहिती बहुधा उरत नाही. फोल्डरला घराचं नाव आणि तारीख द्या, एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि पूर्ण संच त्याच दिवशी भाडेकरूलाही द्या. त्याला काही राहिलेलं दिसलं तर त्याचे फोटोही जोडा. तो घर सोडेल तेव्हा हेच जुने फोटो हातात घेऊन, त्याच जागी उभं राहून पुन्हा काढायचे आहेत.