फुगे ठेवा बाजूला, आरशाला टिकल्या लावा

सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून पदरावर. वाटलं, झोप उतरली नाही. शाळेत हजेरी घेताना 'पाटील'मधला 'प' फुस्सकन निसटला, पोरं हसली, तेव्हा कुठे आरसा पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "वारं गेलंय." डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घालायला लावल्या. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ हलतं, माझं मात्र डावीकडे सपाट होतं. निदान झालं बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते, तिथं सुजली की दबते. पण हे घरी ठरवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.

व्यायामाआधी डोळा सांभाळा. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून कागदी चिकटपट्टी, स्कूटरवर गॉगल. डोळा दुखला किंवा लाल झाला तर थांबू नका.

मग सल्ले सुरू होतात. फुगे फुगव, च्युइंगम चघळ, शंख वाजव. मी इमानेइतबारे रोज बारा फुगे फुगवले. झालं काय, तर धडधाकट उजवी बाजू आणखी जोर करून सगळं तोंड आपल्याकडे ओढायला लागली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी फुगे बंद केले. म्हणाल्या, "इजा झालेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. तिला घाई करून चालत नाही."

काहीच हलत नव्हतं तोवर फक्त मालिश. हात धुऊन अंगठा गालाच्या आत, दोन बोटं बाहेर, आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे हलकेच. जेवल्यावर गालात अडकलेला घास काढायचाच असतो, मी ते त्याला जोडूनच करायचे.

सातव्या आठवड्यात ओठाचा कोपरा जरासा थरथरला. तिथून आरसा. आरशाच्या मधोमध वरून खाली पाच टिकल्या चिकटवल्या आणि नाक त्या रेषेवर ठेवून बसायचे. हसू अगदी बारीक आणायचं, डावी बाजू जेवढी येईल तेवढंच. उजवी पुढे पळाली की तिच्यावर बोट ठेवायचं. तीन-चार वेळा, सावकाश, मग विश्रांती. त्यानंतर प, फ, ब, भ, म. ओष्ठ्य वर्ण वर्षानुवर्षं शिकवले, पण त्यांना दोन्ही ओठ लागतात म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दिवसातून चार बैठका, पाच-पाच मिनिटांच्या. एकदम तासभर बसण्यात अर्थ नाही, चेहरा दमतो.

खरी गोची पाचव्या महिन्यात झाली. भाकरी चावताना डावा डोळा आपोआप मिटायला लागला. नवे तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन जुळतात, वायरमननं पंख्याचं बटण दिव्याला जोडावं तसं. इथं जोर लावला की चुकीची सवय पक्की होते, म्हणून मला याच वेळी फुगे पुन्हा सुरू करण्याचा आग्रह करणाऱ्यांचा राग यायचा. उपाय उलटा आहे. आधी कोमट फडक्यानं गाल शेकून सैल करायचा. मग डोळा उघडा ठेवून ओठांचा 'ऊ' हळूहळू करत न्यायचा आणि पापणी खाली यायला लागण्याच्या क्षणभर आधी थांबायचं. पहिल्या दिवशी ओठ तांदळाच्या दाण्याएवढे पुढे आले. चालेल. महिन्याभरानं थोडे जास्त आले. यानं भागलं नाही तर डॉक्टर बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची, छोटी मात्रा सुचवतात, मला ती लागली नाही.

दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात फोनवर चेहरा टिपून ठेवा: शांत, हसरा, डोळे मिटलेला. रोज आरशात काही बदललेलं दिसत नाही, पण मार्चचा फोटो जूनच्या शेजारी ठेवला की दिसतं.

आता चौदा महिने झाले. पाटील आडनावाची तिन्ही मुलं स्पष्ट हाक ऐकतात. चहाचा घोट घेताना डावा डोळा अजून किंचित मिटतो, आणि समोर बसलेले आमचे हे म्हणतात, "पुन्हा मारलास?"