कूबर पेडीच्या रस्त्यावर पेट्रोल आणि मॅप

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून वाळवंटातलं कूबर पेडी हे गाव साधारण 850 किमी, त्यात वाटेतलं पोर्ट ऑगस्टा शहर सोडलं की पुढचे 540 किमी जवळपास सगळं रिकामंच, फोनला रेंज नाही आणि पंप म्हणजे मधलं एखादं रोडहाऊस (पेट्रोल आणि खाणं मिळणारा हायवेवरचा थांबा).

1. निघायच्या आधी वायफायवर गुगल मॅपचा त्या पट्ट्याचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करा.
2. पंप आणि त्यांच्यातलं अंतर एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, फोन गरम होऊन बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.
3. आदल्या दिवशी रोडहाऊसला फोन करून पंप किती वाजेपर्यंत चालू असतो ते विचारा, कारण मॅपवर दिसतो म्हणजे उघडा असतोच असं नाही.
4. टाकी अर्धी झाली की जो पंप येईल तिथे फुल करा, भाव बघत बसू नका, तिकडे महागच असतं.

पाणी भरपूर घ्या हे वेगळं सांगायला नको. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

आणि गाडी बंद पडली तर ती सोडून चालत जायचं नाही, सावलीला गाडीजवळच थांबा, शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.