कॉन्फरन्सला विमानाने निघालाय? मग या चुका टाळा

कॉन्फरन्सला जायचं ठरलं की महिनाभर आपण स्लाइड्स घासूनपुसून चकाचक करतो आणि प्रवासाचं काय, तर तिकीट काढलं की झालं. मी बरीच वर्षं असे प्रवास करतेय आणि माझं आता ठाम मत झालंय, की भाषण बिघडतं ते स्लाइड्समुळे कमी आणि प्रवासातल्या धावपळीमुळे जास्त.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी पोचून दुपारी स्टेजवर उभं राहायचं असा प्लॅन करणं. कागदावर छान दिसतो, एक रात्र हॉटेलचा खर्च वाचतो, पण त्यात उशिराला जागाच नाही. एकच विमान दिवसभर इकडून तिकडे फिरत असतं, त्यामुळे सकाळचा अर्धा तास लेट संध्याकाळपर्यंत साचत साचत दोन तास होऊ शकतो, आणि दिवसातली शेवटची फ्लाइट रद्द झाली तर मग थेट दुसरा दिवसच. म्हणून आदल्या दिवशी निघा, आणि त्यातही सकाळची फ्लाइट घ्या. ऑफिसकडे जास्तीची एक रात्र मागायला अजिबात संकोच करू नका, कामासाठीच मागताय.

दुसरी चूक पैसे वाचवायच्या नादात होते. दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर दोन वेगवेगळी तिकिटं काढायची. पहिली फ्लाइट लेट झाली आणि दुसरी चुकली तर दुसरी कंपनी हात वर करते, कारण तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले की पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी एअरलाइनची असते. अजून एक, जायचा टप्पा न सांगता सोडून दिला, म्हणजे समजा सहकाऱ्याच्या गाडीतून गेलात, तर त्याच तिकिटावरचं परतीचं बुकिंगसुद्धा बहुतेक कंपन्या रद्द करतात. हे कित्येकांना परत येताना काउंटरवर कळतं, तेव्हा आधी फोन करून विचारा.

आता बॅगेचं. एकदा मी भाषणाचे कपडे, लॅपटॉपचा चार्जर, प्रोजेक्टरला जोडायचा अडॅप्टर, सगळं चेक-इन बॅगेत टाकलं होतं. बेल्टवर एकेक करून लोक आपापल्या बॅगा उचलून गेले, शेवटी दोरीने बांधलेला एक खोका तेवढा गोल गोल फिरत राहिला, मग बेल्टच थांबला आणि तिथे जी शांतता पसरली ना, ती अजून आठवते. बॅग दुसऱ्या दिवशी रात्री आली, तोपर्यंत माझं भाषण होऊन गेलेलं, प्रवासातल्याच कुर्त्यात आणि आयोजकांकडच्या लॅपटॉपवर. तेव्हापासून एकच नियम, स्टेजवर जे जे लागणार ते सगळं हातातल्या बॅगेत, औषधंसुद्धा, आणि स्लाइड्स पेनड्राइव्हवर, फोनमध्ये आणि स्वतःच्या मेलवर अशा तीन ठिकाणी.

तरी बॅग आली नाहीच तर एअरपोर्टच्या बाहेर पडू नका. आधी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा, ज्याला पीआयआर म्हणतात, त्याचा नंबर घ्या आणि चेक-इनला मिळालेला टॅग जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल तर बॅग फुटल्याची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आल्याची २१ दिवसांत करावी लागते. मधल्या काळात गरजेच्या वस्तू घेतल्यात तर पावत्या टाकू नका, त्याशिवाय भरपाई मिळणं अवघड जातं.

पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत कधीच नको, ती केबिनमध्येच न्यायची असते. साधारण नियम १०० वॅट-अवरपर्यंतचा (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) आहे, २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॅट-अवरच्या आसपास भरते, म्हणजे बसते. पण खरी गडबड गेटवर होते. विमान भरलेलं असलं की हातातली बॅग गेटवरच काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात, अशा वेळी घाईत पॉवर बँक आणि लॅपटॉप आतच राहतात. ते दोन्ही एका छोट्या पिशवीत वेगळे ठेवले की दोन सेकंदात बाहेर.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली, आणि त्यात आपण शेजाऱ्याशी इंजिनाच्या आवाजावर मोठ्याने गप्पा मारतो, मग दुसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून तक्रार. थोडं थोडं पाणी पीत राहा, कमी बोला. सर्दी असेल तर उतरताना कान जास्त दुखतात, तेव्हा झोपू नका, गिळत राहा, चघळायला काहीतरी ठेवा.

आणि एक चूक वेगळ्या प्रकारची, ती म्हणजे विमानातला सगळा वेळ स्लाइड्स बदलण्यात घालवणं. मी आता खिडकीची सीट घेते. विमान ढगांच्या वर गेलं की अचानक लख्ख ऊन येतं, फोन बंद, कोणी काही मागत नाही, दोन तास फक्त आपले. भाषण एकदा डोळे मिटून मनातल्या मनात म्हणायचं, मग लॅपटॉप बंद करून बाहेर बघत बसायचं. कधी कधी बेल्टपाशी शेजारच्याच्या बॅगेला त्याच कॉन्फरन्सचा टॅग दिसतो, हॉटेलपर्यंत एकाच टॅक्सीने जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये एक तरी ओळखीचा चेहरा समोर असतो.

परत येताना लगेच झोपू नका हं. टेकऑफ झाल्या झाल्या खिशातली लोकांची व्हिजिटिंग कार्डं ट्रेवर पसरा आणि प्रत्येकाच्या मागे लिहा, कोण, काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलंय. दोन दिवसांनी त्यातले निम्मे चेहरे आठवत नाहीत. लिहून झालं की मग खुशाल झोपा.