लढाईच्या खेळासाठी क्रॉसबो बनवताय? या चुका टाळा

अमेरिकेत सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम या मध्ययुग जगणाऱ्या हौशी मंडळाच्या मैदानावर लढाई खेळायची, तर माणसावर रोखायचा क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, ६०० इंच-पौंडांच्या आत हवा. नवख्यांना यातले पौंड तेवढे ऐकू येतात. इंचांकडे कुणाचं लक्षच नसतं.

हिशेब सोपा आहे. दोरी नटात, म्हणजे ती ओढून धरणाऱ्या खटक्यात, अडकते तिथला जोर पौंडांत मोजायचा आणि ती मूळ जागेवरून तिथवर जितके इंच सरकली, त्याने गुणायचं. १०० पौंड आणि ६ इंच म्हणजे काठावर पास.

एका पठ्ठ्याने ९० पौंडांची तयार पाती, म्हणजे क्रॉसबोची आडवी कमान, विकत आणली. "शंभरच्या आत आहे की!" म्हणून निर्धास्त. बाण लांब जावा म्हणून नट मात्र पार मागे बसवला. तपासणीत सामान तोलायचा काटा दोरीला अडकवून ओढला, तर ९६ पौंड. टेप धरली, तर ८ इंच. म्हणजे ७६८! नवा दांडा कर म्हटलं, पण स्वारीला पुढच्याच शनिवारी खेळायचं होतं. नटाच्या जुन्या खाचेपुढे त्याने दुसरी खाच कोरली. दोन्ही अंगांना पातळ फळ्या तेवढ्या उरल्या. दोरी चढवली आणि नटाच्या खिळीपाशी दांडा उभा चिरला. क्रॉसबोचं तोंड जमिनीकडे होतं म्हणून निभावलं.

मी दांड्याला हातच लावत नाही आधी. पाती एका टाकाऊ फळीवर आवळायची, दोरी इंच-इंच ओढत काट्याचा आकडा पेन्सिलीने फळीवरच लिहायचा. गुणाकार ५५०च्या आसपास येतो तिथे नट. काट्याकाट्यात फरक असतो, म्हणून पन्नास हाताशी ठेवतो. यात एक संध्याकाळ जाते. तेवढीही नसेल, तर भाड्याची ढाल घेऊन खेळा.

बाण न लावता दोरी सोडू नका. "नुसता आवाज ऐकतो" म्हणणारे मला दर मोसमात भेटतात. बाणात जायचा सगळा झटका पाती आणि दोरीच खाते. पातीला मजबूत कापडी टेप गुंडाळा, मोडली तरी तुकडे उडणार नाहीत.

अंगठा दोरीच्या वाटेत नको.

दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची घ्या. न ताणणाऱ्या आधुनिक दोऱ्या जुन्या धाटणीच्या पातीला सोसत नाहीत.

बाणाचं बोथट टोक सव्वा इंचाहून बारीक चालत नाही. आणि शिकारीचे बाण मैदानावर आणूच नका. "वेगळ्या पेटीत आहेत" हे कारण मी ऐकून घेत नाही.