शेटांचा गौरव करायचा आहे? आधी माळ्यावरच्या वह्या खाली काढा

शेट गेले की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात दुसऱ्या दिवशी बॅनर लागतात. बाराव्याच्या आसपास शोकसभा होते, सगळे वक्ते त्यांना अजातशत्रू आणि दानशूर म्हणतात, आणि मग कधीतरी संध्याकाळी त्यांचा मुलगा नाहीतर पुतण्या माझ्या दारात येतो. "बाई, बाबांवर काहीतरी चांगलं काढायचंय. स्मरणिका म्हणा, पुस्तक म्हणा. तुम्ही बघाल का?" मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो असा गावाचा समज आहे. तर या मुलांना मी जे सांगते ते एकदा लिहूनच ठेवते.

छापखान्याचा दर विचारू नका, मंत्र्यांच्या शुभसंदेशासाठी पत्र धाडू नका. प्रथम दुकानाच्या माळ्यावर चढा. तिथे लाल कापडी बांधणीच्या वह्या असतील: रोजमेळ, खतावणी, उधारीची वही. बहुतेक घरांत शेटांच्या वर्षश्राद्धाआधीच त्या भंगारात जातात किंवा त्यांना वाळवी लागते. सावलीत पसरा, कोरड्या ब्रशने झाडा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. वही एकदा उन्हात टाकली की शाई उडते आणि पान पापडासारखे मोडते.

जुन्या वहीवर साल नसले तरी हरकत नाही, चलन बघा. रुपये-टांगे लिहिलेले असतील (सोळा टांग्यांचा रुपया) तर ते पान 1958-59 च्या आधीचे. त्यानंतर पोर्तुगिजांनी रुपया मोडून एस्कुदो आणला, एका रुपयाला सहा एस्कुदो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि थोड्याच काळात हिशेब भारतीय रुपयांत आले. एका शेटांच्या घरी सगळे सांगायचे, बाबांनी लिबरेशननंतर धंदा सुरू केला. सत्तरी तालुक्यातून पोरवयात आलेला मुलगा, दुसऱ्याच्या पसऱ्यावर (छोट्या दुकानावर) गोणी उचलायचा, मग स्वतःचा पसरा. वही उघडली तर त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली पहिली पाने रुपये-टांग्यांची, पुढची एस्कुदोची. म्हणजे भारताने 1954 पासून केलेल्या आर्थिक नाकेबंदीच्या दिवसांत, सीमेपलीकडून माल येणे बंद झालेले असताना, या पोराने दुकान उघडले होते. घरच्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी निघाली, आणि तिला एकही विशेषण लावावे लागले नाही.

त्याच माणसाच्या उधारीच्या वहीत शेवटी शेवटी काही नावांपुढे आकडा खोडलेला नव्हता, नुसते बारीक अक्षरात "सोडले" लिहिले होते. एका नावापुढे "नवरा बोटीवरून परत नाही, सोडले." दानशूरपणावर आख्खे पान छापण्यापेक्षा असे एक पान छापा. मात्र कर्जदारांची नावे झाका. त्यांची नातवंडे आज त्याच बाजारात दुकाने चालवतात.

वह्यांनंतर सरकारी कागद. शेट पंचायतीत किंवा नगरपालिकेत असतील तर ते कोणत्या सालचे, हे पक्के करा. मुक्तीनंतर ग्रामपंचायती 1962 च्या कायद्याने आल्या, नगरपालिकांचा कायदा 1968 चा. त्याआधीचा कारभार पोर्तुगीज काळातल्या कामारांचा, म्हणजे तेव्हाच्या पालिकांचा. नुसते "नगरसेवक होते" लिहून भागत नाही. बैठकीच्या इतिवृत्तात ठराव मांडणाऱ्याचे आणि अनुमोदकाचे नाव असते. मार्केटची शेड, गटार, स्मशानाची वाट, कुठल्या ठरावावर शेटांचे नाव आहे ते काढा. कार्यालयात जाऊन गोड बोलून मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात "सर्व माहिती द्या" असे लिहू नका, साल आणि विषय लिहा. नाहीतर माहिती नाही असे एका ओळीचे उत्तर येते.

वर्तमानपत्रांसाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. 1832 पासूनची ही संस्था, देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. मुक्तीनंतरच्या बातम्यांसाठी 1962 पासूनचा 'गोमन्तक' चाळा. त्याआधीच्या जाहिराती, परवाने, लिलाव पोर्तुगीजमध्ये सापडतील. 'ओ हेराल्दो' 1983 पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघायचा. पोर्तुगीज येत नसले तरी नाव शोधता येते, फक्त आजच्या स्पेलिंगने शोधू नका. त्या भाषेत के नव्हताच म्हणा ना: क साठी सी नाहीतर क्यू. नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई असते आणि शेणव्यांचे सिनाय होते. एका घराण्याला त्यांच्याच आजोबांचा दुकानाचा परवाना असाच समोर असून दिसत नव्हता.

आता माणसे. "शेट कसे होते?" असे विचारलेत तर "बरो मनीस आशिल्लो" (चांगला माणूस होता) यापुढे काही मिळणार नाही. विचारा, पगार कोणत्या तारखेला मिळायचा? चवथीला काय द्यायचे? माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवीचे) सामान आणायला उचल मागितली तर काय म्हणायचे? शेवटचे कधी रागावले आणि कशावरून? ट्रकचा जुना ड्रायव्हर, हिशेब लिहिणारा मेहता, समोरच्या दुकानातला स्पर्धक, या तिघांना पुढारी मंडळींच्या आधी गाठा. स्पर्धक तर जरूर. त्याच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला तर त्याची किंमत वेगळी. ड्रायव्हर आणि मेहत्याशी कोंकणीत बोला, कोंकणीतच टेप करा, लिहिताना मराठी करा. तालुक्यात निम्म्याहून जास्त माणसे असेच जगतात, त्यात संकोच कसला.

आणि शेटाणीबाई. स्मरणिकेत त्या बहुधा "सुविद्य पत्नीची मोलाची साथ" एवढ्याच असतात. गोव्यात तरी हे लाजिरवाणे आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. म्हणजे शेटांनी शून्यातून उभारलेल्या धंद्याची अर्धी मालकीण घरातच बसली होती. तिची मुलाखत शेवटी "आईचेही दोन शब्द" म्हणून घेऊ नका, सुरुवातीला घ्या. दुकान बंद करून शेट नगरपालिकेच्या बैठकीला जायचे तेव्हा गल्ल्यावर कोण बसायचे, हे त्याच सांगतील. मडगावचे चौगुले महाविद्यालय पार्वतीबाईंच्या नावाने आहे. ते नाव देणाऱ्यांना हे कळत होते.

अडचणीच्या गोष्टी वगळू नका. शेटांचे ट्रक खाणीवर असतील तर धूळ लिहा, रस्ते लिहा, 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर बँकेच्या हप्त्यांवर ट्रक उभे राहिले तेही लिहा. घरच्यांना आवडत नाही, हे मला माहीत आहे. मी त्यांना एवढेच म्हणते, बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही गाळलेत तर उरलेल्या पानांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कार्यक्रमाचे फार सांगत नाही. वेळेवर सुरू करा, मंत्री आले की येतील. समई लावायला शेटांकडे सर्वात जास्त वर्षे नोकरी केलेल्या माणसाला बोलवा. भाषणे चार, प्रत्येकी सात मिनिटे. स्मरणिकेत जाहिराती मागच्या पानांवर, मध्ये मध्ये नकोत.

कायमचे स्मारक मात्र थंड डोक्याने ठरवा. पुतळ्याची मागणी हमखास येते. पुतळ्याला जागा लागते, परवानगी लागते, आणि दरवर्षी कोणीतरी धुवावा लागतो. रस्त्याला नाव द्यायचे तर नगरपालिकेचा ठराव हवा, आणि ठराव होऊनही लोक जुनेच नाव घेतात. मला निधी बरा वाटतो, पण त्याचा हिशेब आधी मांडा. पाच लाख मुदत ठेवीत टाकले आणि साडेसहा टक्के धरले तर वर्षाला साडेबत्तीस हजार. त्यातले आठ हजार मुदलात परत घाला, नाहीतर महागाई दहा वर्षांत तुमचा पुरस्कार खाऊन टाकते. उरले साडेचोवीस हजार. त्यात शाल-श्रीफळ आणि सभागृहाचे भाडे काढलेत तर मुलाच्या हातात काय पडणार? म्हणून समारंभ टाळा. शेटांनी गोणी उचलून सुरुवात केली होती, तर फर्मागुडीच्या आयटीआयतल्या गरजू मुलांना हत्यारांच्या पेट्या घेऊन द्या. निवड प्राचार्य आणि शिक्षकांवर सोपवा, कुटुंबातल्या कोणी यादीत नाक खुपसू नये.

निधी घरच्या खात्यात ठेवू नका. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवा किंवा आधीच असलेल्या एखाद्या शिक्षण संस्थेशी लेखी करार करा. कार्यकारिणीत घरचे दोन, बाहेरचे तीन. हिशेब दरवर्षी तपासून घ्या आणि दुकानाच्या फलकावर लावा.

पुस्तक छापून आले की दोन प्रती मध्यवर्ती ग्रंथालयाला, एक नगरपालिकेला, एक शेटांच्या मूळ गावातल्या शाळेला. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना घरी नेऊन द्या, पोस्टाने नको. आणि वह्या परत माळ्यावर टाकू नका. पुराभिलेख खात्यात विचारा, घेत असतील तर द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या.