दरवाजा बुजवला, पण दुपारी चार वाजता परत दिसतोय?

नेरूळमधल्या सिडकोच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये हॉल आणि बेडरूममधला दरवाजा बुजवायचा होता. एकट्याने घेतलेलं ते माझं पहिलं काम. त्याआधी तीन वर्षं मामांच्या हाताखाली माल कालवला, विटा दिल्या, मग थापी हातात आली. ७ बाय ३ चा दरवाजा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट प्लास्टर. एवढ्याशा तुकड्यात काय चुकणार, असं वाटलं होतं. चुकलं, आणि ठेकेदाराने चार दिवसांची मजुरी कापली. ती गोष्ट आजही मनाला लागून आहे, म्हणून हे लिहितोय.

चौकट काढणं, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) कापणं, उंबऱ्याची लादी उचलणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. बांधकामातलं एवढंच लक्षात ठेवा: दोरी जुन्या गिलाव्याला लावू नका, उघड्या विटेला लावा, नाहीतर प्लास्टरला जागाच उरत नाही. दर दोन-तीन थरांनी जुन्या भिंतीत भोक पाडून सळईचा तुकडा घाला. एका दिवसात चार फुटांच्या वर चढू नका. लिंटेलखालची (दरवाज्यावरच्या आडव्या तुळईखालची) फट दुसऱ्या दिवशी घट्ट माल ठासून भरा. ओला माल खाली बसतो. घाईत भरलेली फट वर बरोबर आडवी तडकते.

आता जिथे मी फसलो ते. चौकट प्लास्टरच्या आधी बसते. गवंडी गिलावा चौकटीपर्यंत आणून टेकवतो आणि चौकट जरा पुढे असेल तर तिथे गिलावा जाड होतो. त्यामुळे दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर भिंत हळूच अंगावर आलेली असते, तीन-चार मिलिमीटर. दरवाजा असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. मी काय केलं? जुन्या गिलाव्याच्या त्या दोन कडांवर पट्टी ठेवली आणि मधला माल ओढला. पट्टी म्हणत होती, भिंत एकदम सरळ. खरं तर पाच फूट रुंद फुगवटा तयार झाला होता आणि मी त्याला लेव्हल समजत होतो.

सकाळी काहीच दिसलं नाही. पुट्टी झाली, रंग झाला. मग एका दुपारी घरातल्या काकूंनी बोलावलं. पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजताचं ऊन भिंतीला घासून येत होतं आणि भिंतीवर दरवाजा उभा होता, सावलीत काढल्यासारखा. काकू रागावल्या नाहीत. “अरे, हा तर अजून इथेच आहे,” एवढंच म्हणाल्या. मी घाबरून मधल्या भागावर आणखी पुट्टी चढवली. फुगवट्यावर फुगवटा. शेवटी सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

हे टाळायचा उपाय मामांनी नंतर दाखवला. सारख्या जाडीचे लादीचे तीन तुकडे घ्या. भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा, दोन्ही टोकांखाली एकेक तुकडा ठेवा. तिसरा तुकडा दोरीखालून सरकवत न्या. जिथे तो अडकतो तिथे भिंत पुढे आलेली आहे. पेन्सिलने खूण करा. हे खाली, मध्ये आणि वर, तिन्ही उंचीवर करा. खुणेच्या आतला जुना गिलावा फोडा, मग तो कितीही पक्का असो. मालक म्हणतील, “चांगलं प्लास्टर का तोडतोस?” त्यांना समजावा आणि तोडा. नवे ठिय्ये (प्लास्टरची जाडी ठरवणारे मालाचे ठिपके) या दोरीवरून मारा, कडांवरून कधीच नाही.

तोडल्याचा दुसरा फायदाही आहे. जुन्या-नव्याच्या जोडावर दोन्हीकडे सहा-सहा इंच कोंबडीजाळी ठोकायला जागा मिळते. जाळी नसेल तर काही महिन्यांत तडा जाणार, दरवाज्याच्याच आकाराचा. “वरून टेप मार, पुट्टीत झाकेल” असं सांगणारे नाक्यावर पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुट्टी प्लास्टरचं काम करत नाही, ती फक्त शेवटचा दीड-दोन मिलिमीटर सांभाळते.

विटांवर आधी पाणी मारा, जुन्या कडेला सिमेंटची स्लरी लावा, सिमेंट-वाळूचा १:४ चा माल, १२ मिलिमीटरच्या आसपास. जास्त जाड लागलं तर दोन थरांत मारा. सात दिवस पाणी. त्यानंतर मात्र थांबायला लागतं आणि इथेच नवीन मुलं हरतात. तीन-चार आठवडे वाळू द्या. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल्या गिलाव्यावरची पुट्टी फुगून पापुद्रे धरते. जुनी भिंत नीरूची (वरून चुन्याचा गुळगुळीत लेप दिलेली) असेल आणि हाताला पांढरं लागत असेल तर ती आधी खरवडा.

जमेल, घाबरू नका. मला दुसऱ्याच कामात जमलं. मामा समजावून सांगत नसत, चुकलं की थापी हातातून काढून घेत. तेव्हा वाईट वाटायचं. तरी व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा असा माणूस शोधा. व्हिडिओतली भिंत कॅमेऱ्याच्या प्रकाशात समोरून दिसते, बाजूने पडलेल्या उन्हात नाही.

आता मी प्राइमरच्या आधी घरच्यांना संध्याकाळी बोलावतो, दिवे बंद करतो आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवतो. सावली दिसली तर तिथेच खूण, तिथेच घासणं. मगच रंग, तोही पूर्ण भिंतीला, फक्त तुकड्याला नाही.